मणक्याच्या ऑपरेशननंतर पाठीवरची जखम : टाक्यांपासून व्रण पांढरा पडेपर्यंत

पाठीवरची जखम ज्याची असते त्याला ती दिसत नाही. हातापायाची जखम माणूस येताजाता बघतो, लाल झाली तर आधी त्यालाच कळतं. पाठीचं सगळं दुसऱ्याच्या डोळ्यांवर.

माझ्या वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून १२ वर्षं झाली होती. डिस्चार्ज घेऊन आम्ही त्यांना गावी आणलं. ११ व्या दिवशी त्यांच्या बंडीला पाठीकडून, कमरेच्या पट्ट्याच्या जरा वर, रुपयाएवढा ओला डाग दिसला. कडेला पिवळसर, मधे फिका. "घाम हाय गं तो, पट्ट्यामुळं," अण्णा म्हणाले. मे महिना होता, बाहेर ४२ अंश. मलाही पटलं. बंडी धुवायला टाकली आणि ड्रेसिंग काही बघितलं नाही. तीन दिवसांत डाग तळहाताएवढा झाला, अंगात ताप भरला. जखम उघडली तेव्हा जंतू मणका धरून ठेवायला आत बसवलेल्या स्क्रू-रॉडपर्यंत पोचले होते. मग दोनदा सफाई, मग जखमेतलं पाणी ओढून घेणारं व्हॅक मशीन, मग प्लास्टिक सर्जननं पाठीचे स्नायू सरकवून जखम बंद केली. तीन आठवड्यांत संपणारं काम साडेचार महिने चाललं.

ते तीन दिवस तुमच्या घरात वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. यातली कुठलीही गोष्ट तुमच्या सर्जनच्या सूचनेच्या आड येत असेल तर सर्जनचं ऐका, कारण आत काय केलंय ते त्यांनी पाहिलेलं असतं.

आत काय शिवलेलं असतं

मणक्यापर्यंत जायला बहुतेक वेळा पाठीच्या मधोमध उभा छेद घेतात. कातडी, तिच्याखाली चरबी, मग एक पांढरं चिवट कवच, त्याला फॅशिया म्हणतात, त्याच्याखाली कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू आणि मग हाड. स्नायू हाडापासून सोडवून बाजूला धरतात आणि काम झालं की एकेक थर परत शिवत वर येतात. भार घेणारा थर फॅशिया. बाहेरून दिसणारे टाके किंवा स्टेपलच्या पिना फक्त कातडी जुळवून धरतात.

हाडाचा थोडा भाग काढलेला असतो, स्नायू सैल झालेले असतात, म्हणून आत पोकळी उरते. तिथं रक्त आणि पाणी साठतं, आणि साठलेलं रक्त म्हणजे जंतूंना आयतं जेवण. पाठीतून निघालेली बारीक नळी आणि तिला लावलेला दाबका डबा, ज्याला वॉर्डात सगळे रोमोव्हॅक म्हणतात, तो याच साठलेल्या पाण्यासाठी असतो. डबा फुगला की ओढ संपते. तो दबलेला आहे ना, नळीला पीळ पडला नाही ना, नळी रुग्णाच्या अंगाखाली गेली नाही ना, हे नातेवाइकांनीही बघावं आणि वाटलं तर सिस्टरला हाक मारावी. २४ तासांत साधारण ३० ते ५० मिलीपेक्षा कमी येऊ लागलं की नळी काढतात. पाण्याचा रंग लालवरून फिका होत जायला हवा.

आता भरून येण्याचं. नीट शिवलेल्या जखमेची वरची कातडी दोनेक दिवसांत चिकटते. ती चिकटली की घरात सगळे म्हणतात, जखम भरली. पण शिवलेल्या जागेची ताकद पहिल्या आठवड्याअखेर मूळ कातडीच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी साधारण २० टक्के, आणि तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे ती फारशी वाढत नाही. ज्वारी उगवून वावर हिरवं दिसलं म्हणजे कणीस भरलं, असं कुणी शेतकरी म्हणत नाही. पाठीचंही तसंच धरा.

प्लास्टिक सर्जन कशाला बोलावतात

मणक्याच्या पेशंटकडे प्लास्टिक सर्जन आले की नातेवाईक दचकतात. "आम्हाला काय चेहरा नटवायचाय का?" असं एका आजोबांनी मला सरळ विचारलं होतं. प्लास्टिक सर्जरीचं मूळ काम उघडं पडलेलं झाकण्याचं आणि तुटलेलं घडवण्याचं आहे. त्याचा एक जुना दाखला आपल्याच मुलखातला. टिपूबरोबरच्या लढाईत कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका वैद्यानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ती हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली, आणि युरोपातल्या सर्जननी त्यावरून ही रीत उचलली. कपाळाची कातडी पूर्ण न तोडता, एका टोकाला जिवंत ठेवून वळवणं, यालाच आज फ्लॅप म्हणतात.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर उसाचं बेणं तोडून दुसरीकडे लावणं म्हणजे ग्राफ्ट. वेलीची फांदी मुळापासून न तोडता शेजारच्या वाफ्यात दाबणं, म्हणजे दाब कलम, तो फ्लॅप. स्नायूला रक्त देणारी नस तशीच ठेवतात आणि स्नायू हव्या त्या जागी सरकवतात. पाठीत बहुतेक वेळा कण्याच्या दोन्ही बाजूंचेच स्नायू मोकळे करून मध्यावर ओढतात आणि रॉडच्या वर एकमेकांना शिवतात. ते पुरत नसतील तर मानेजवळ ट्रॅपिझियस, पाठीच्या मध्यात बगलेखालचा लॅटिसिमस डॉर्साय, कमरेखाली कुल्ल्याचा स्नायू वापरतात. भरपूर रक्त मिळणारा जिवंत स्नायू पोकळी भरतो आणि त्या रक्तातूनच औषध व जंतूंशी लढणाऱ्या पेशी आत पोचतात. धातूवर नुसती कातडी ओढून शिवली तर ती पातळ पडते आणि फाटते.

हे फक्त बिघडल्यावरच करायचं असतं असं नाही. त्याच जागी दुसऱ्या-तिसऱ्यांदा ऑपरेशन, त्या भागाला आधी दिलेलं रेडिएशन, मणक्याची गाठ, आवाक्यात नसलेली शुगर, खूप बारीक किंवा खूप स्थूल शरीर, लांबलचक रॉड. यातलं काही असेल तर ऑपरेशनआधीच सर्जनना विचारा : "जखम बंद करायला प्लास्टिक सर्जन लागतील का?" हा प्रश्न विचारला म्हणून कुणी रागवत नाही. मराठवाड्यात प्लास्टिक सर्जन प्रामुख्यानं छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा शहरांत भेटतात. सीमेकडचे लोक सोलापूर किंवा हैदराबाद गाठतात. रात्री दोन वाजता शोधाशोध करण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

ऑपरेशनआधीचे चार आठवडे

पडून मणका मोडला, पाय लुळे पडले, तर थांबायला वेळच नसतो. पण तारीख ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर हे चार आठवडे जखमेच्या खात्यावर जमा होतात.

पहिलं तंबाखू. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि शिवलेल्या कडांना रक्त कमी पडलं की त्या काळ्या पडून सुटतात. विडी ओढा की तंबाखू-चुना मळा, निकोटिन तेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी वॉर्डात उशीखाली पुडी सापडते. आणि मिश्री. आमच्याकडच्या बायका मिश्रीला व्यसन धरतच नाहीत, त्यामुळे कागदावर बेधडक "तंबाखू : नाही" लिहिलं जातं. आईला, सासूला हा प्रश्न वेगळा, एकटीला विचारा. निदान चार आठवडे आधी बंद, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बंदच.

दुसरं शुगर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी साडेसात-आठच्या वर असेल तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात. त्यांच्यावर चिडू नका.

तिसरं हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन. रक्तातलं अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असलं तर जखम बिघडण्याचा धोका वाढतो. दातात पू, पायाला चिघळलेली भेग, लघवीची जळजळ, पाठीवर गळू, हेही सांगून आधी बरं करून घ्या. सांधेदुखीसाठी चालू असलेली स्टिरॉइडची गोळी आणि रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना पुडी दाखवूनच सांगा. "ती पांढरी गोळी" म्हटल्यानं काही कळत नाही.

एक गोष्ट कळकळीनं. पाठ दुखते म्हणून बिब्ब्याचे चटके घेतलेली, डाग दिलेली पाठ मी कितीदा पाहिली आहे. त्या भाजलेल्या, फोड आलेल्या कातडीतून छेद घेता येत नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर पाठीवर बिब्बा नको, डाग नको, कडक लेपही नको.

दवाखान्यातले दिवस

पहिल्या दोन दिवसांत किंचित ताप आणि ड्रेसिंगवर वाळलेल्या रक्ताचा ठिपका हे चालतं. कुशीवर वळवताना खांदा आणि कमर एकदमच फिरली पाहिजे, लाकडाचा ओंडका लोळवल्यासारखी. कंबर आधी आणि खांदा मग असा पीळ आतल्या टाक्यांना सहन होत नाही. पाय लुळे असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायची. बधिर जागेला दुखत नाही, म्हणून तिथं शय्याव्रण गुपचूप होतो.

फ्लॅप केलेला असेल तर त्यावर पाठ टेकवून झोपायला किती दिवस बंदी आहे हे लेखी घ्या. सर्वसाधारणपणे दोन-तीन आठवडे सांगतात. पलंगाच्या डोक्याशी कागद चिकटवा, कारण रात्री वेगळा नातेवाईक बसतो आणि त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. जखमेसाठी पुन्हा दाखल व्हावं लागलं तर ते कशात बसतं, हे डिस्चार्जच्या आधीच विचारून ठेवा. जाताना कागदावर एवढं असलंच पाहिजे : टाके कधी काढायचे, ड्रेसिंग कोणी आणि किती दिवसांनी बदलायचं, आंघोळ कधीपासून, कोणतं औषध किती दिवस, आणि डाग दिसला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा.

गावी नेताना काळी-पिवळी जीपच्या मागच्या बाकावर बसवून नेऊ नका. आपल्या रस्त्यांवरचा एकेक खड्डा थेट कमरेत बसतो. आडवं झोपवता येईल अशी गाडी बघा आणि दर तासाला थांबून कूस बदला.

घरी : रोजची दोन मिनिटं

घरातल्या एका माणसानं जबाबदारी घ्यायची. आज सून, उद्या मुलगा, परवा शेजारीण असं केलं की काल काय दिसलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

सकाळी, उजेड घरात आला की. दाराकडे पाठ करून रुग्णाला कुशीवर घ्या. हात साबणानं मनगटापर्यंत धुवा, स्वच्छ पंचाला पुसा, पदराला नाही. आधी अंगावरून काढलेला कपडा बघा, पाठीकडची बाजू. ओला, पिवळा, तांबूस, कसलाही नवा डाग. मग ड्रेसिंग वरून बघा : कडा सुटल्यात का, आतून भिजलंय का. जवळ जाऊन वास घ्या. उलट्या हातानं ड्रेसिंगच्या भोवतीची कातडी चाचपा. बोटांच्या पोटापेक्षा हाताच्या पाठीला ऊब लवकर कळते. डाव्या-उजव्या बाजूची तुलना करा. कुठं फुगवटा आहे, दाबल्यावर पाण्याच्या पिशवीसारखा हलतो का? लाली असेल तर तिच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारून ठेवा. संध्याकाळी लाली रेघ ओलांडून गेली असेल तर वाद संपला. शेवटी मोबाईलवर फोटो, रोज तितक्याच अंतरावरून आणि त्याच दाराच्या उजेडात. डॉक्टरला "कालच्यापेक्षा वाढलंय" असं सांगण्यापेक्षा दोन फोटो शेजारी ठेवून पाठवले की त्यांचा निर्णय लवकर होतो.

ड्रेसिंग उचलायची परवानगी असेल तरच उचला. चिकटणारी पाणीरोधक पट्टी लावलेली असेल तर ती सांगितलेल्या दिवसापर्यंत तशीच राहू द्या. टाक्यांच्या कडेला अर्धा सेंटिमीटर गुलाबी, थोडी खाज, शेजारी बधिर पट्टा, हे सगळं भरण्यातलंच आहे.

पाण्याचं सांगायलाच हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या घरात आजही पिंपं, टाक्या, रांजण भरून ठेवायची सवय आहे. ते साठवणीचं पाणी, आडाचं किंवा टँकरचं, जखमेच्या जवळ नको. आंघोळीची परवानगी मिळेपर्यंत ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. मिळाल्यावरही पाणी खळखळ उकळून, झाकून गार केलेलं घ्यायचं, पाठीवरून हळू ओतायचं, चोळायचं नाही, मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं. विहिरीत, नदीत, तीर्थावर बुडी टाके निघाल्यावरही लगेच नाही. जखम पूर्ण कोरडी भरून किमान काही आठवडे जाऊ द्या.

मार्च ते जून पट्ट्याखाली घाम साठतो. पट्ट्याच्या आत पातळ सुती बंडी, दिवसातून दोनदा बदललेली. घाम दोन्ही कुशीला आणि काखेत पसरून येतो. जखमेचा पाझर एकाच जागी, टाक्यांच्या रेषेवर उमटतो आणि वाळला की कापड कडक होतं. हा फरक मला तेव्हा आठवला असता तर.

बाज मधे खोल जाते, तिच्यावर झोपवू नका. सपाट पलंग किंवा जमिनीवर जाड गादी. पण जमिनीवरून उठताना आधार द्यायला दोन माणसं लागतात. झोपायची जागा गोठ्यापासून लांब, माश्या येणार नाहीत अशी, नाहीतर मच्छरदाणी लावा. कमरेच्या खालच्या ऑपरेशनला शौचाचा प्रश्न मोठा असतो. उकिडवं बसू नये, कुंथू नये, आणि घाण ड्रेसिंगला लागू नये. प्लास्टिकची कमोड खुर्ची भाड्यानं किंवा विकत मिळते. पाणी भरपूर, डॉक्टरांनी सांगितलं तर इसबगोल. ड्रेसिंगच्या खालच्या कडेला शौच लागलंच तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, ते लगेच बदलायचं.

ताटात काय

जखम प्रथिनांनी भरते. रोज दर किलो वजनाला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. ऐकायला सोपं, पण आजाऱ्याला आपण काय देतो? चहा-बिस्किट, साबुदाण्याची खिचडी, नारळपाणी, पातळ वरण. यात प्रथिन जवळपास नाहीच.

मोजून बघा. दोन अंडी १२ ग्रॅम. दोन पेले दूध १५. दोन वाट्या घट्ट वरण १३. दोन ज्वारीच्या भाकरी १२. मूठभर शेंगदाणे ७. मूठभर सोयाबीन वड्यांची भाजी १३. झाले ७२. आपला लातूर-परभणीचा पट्टा तुरीचा आणि सोयाबीनचा. पोती भरून बाजारात जातं ते घरच्या आजाऱ्याच्या ताटात आधी यावं. मटण-चिकन खाणाऱ्यांचं काम अजून सोपं. लिंबू, पेरू, आवळा यांतलं सी जीवनसत्त्व शरीराला नवा धागा विणायला लागतं, तेही रोज.

"डाळीनं पू धरतो", "अंडं उष्ण पडतं", "आंबट खाल्लं की जखम चिघळते" हे प्रत्येक घरात एक आजी तरी सांगतेच. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण पू जंतूंनी होतो, डाळीनं होत नाही. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि शुगरच्या माणसाला अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं पाणी देऊ नका.

जखमेवर हळद, खोबरेल, निरगुडीचा लेप, अंगारा, चुना, कापूर, मेडिकलमधून आणलेली पावडर, यातलं काहीही लावायचं नाही. पावडरीचा थर जमतो आणि त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. अंगारा श्रद्धेनं कपाळाला लावा.

कधी थांबायचं नाही

लगेच, रात्र असली तरी १०८ ला फोन :
– पाय नव्यानं लुळे पडू लागले, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली.
– जखमेतून पाण्यासारखं स्वच्छ पातळ येतंय आणि बसलं-उठलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की कमी होतं. हे मज्जारज्जूभोवतीचं पाणी असू शकतं. अशा वेळी आडवंच ठेवून न्या.
– ताप आणि मान ताठ, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय.
– पोटरी अचानक सुजून दुखतेय, किंवा छातीत दुखून दम लागतोय.
– रक्तानं ड्रेसिंग भिजतच चाललंय.

त्याच दिवशी सर्जनना फोन आणि फोटो : कोरड्या झालेल्या जखमेला नवा ओला डाग, टाक्यांमध्ये फट, रेघ ओलांडणारी लाली, कुजका वास, १००.४ च्या वर ताप, कमी झालेलं दुखणं पुन्हा चढणं, आत चकाकणारा धातू दिसणं. खोल संसर्ग बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड काढतो, पण रॉड-स्क्रू बसवलेले असतील तर तीन महिने डोळा ठेवायचाच.

आणि गावातल्या डॉक्टरकडून आधी इंजेक्शन मारून मग शहरात येऊ नका. अँटिबायोटिक आधीच अंगात गेलं की पुवाच्या तपासणीत पुष्कळदा जंतू उगवत नाही, आणि मग कोणतं औषध लागू पडेल हे अंदाजानं ठरवावं लागतं.

जखम उघडावी लागली तर

घाबरून डिस्चार्ज मागणारे खूप बघितले. क्रम समजून घेतला तर भीती कमी होते. आधी भूल देऊन जखम उघडतात, मेलेला भाग काढतात, भरपूर सलाइननं धुतात, आतले नमुने तपासणीला पाठवतात. जंतू धातूवर एक चिकट थर धरून बसतात, तरी लवकर आलेल्या रुग्णाचे स्क्रू-रॉड पुष्कळदा तसेच ठेवता येतात, आणि ठेवावेही लागतात, कारण कणा अजून जुळलेला नसतो. गरज पडली तर ही सफाई पुन्हा करतात.

मधल्या काळात व्हॅक लावतात. जखमेत स्पंज, वर हवाबंद पातळ पडदा, आणि मशीन सतत ओढत राहतं, साधारण उणे १२५ मिलिमीटर दाबानं. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलतात. मज्जारज्जूचं पाणी गळत असेल तर हे मशीन चालत नाही. घरी व्हॅक घेऊन जायची वेळ आली तर लाइट जाण्याचा विचार आधी करा : बॅटरी किती तास टिकते, चार्ज कुठं करणार. मशीन दोन तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर तो स्पंज तसाच आत ठेवायचा नसतो. तो काढून साधं ड्रेसिंग करावं लागतं. म्हणून जवळच्या कुठल्या सिस्टरला ते जमतं हे आधी शोधून ठेवा.

जखम लालबुंद, स्वच्छ झाली की प्लास्टिक सर्जन फ्लॅप करून बंद करतात. अँटिबायोटिक्स पुष्कळदा सहा आठवडे चालतात, आधी शिरेतून, मग गोळ्या. तिसऱ्या आठवड्यात माणसाला बरं वाटतं आणि गोळ्या कपाटात राहतात. नेमकं तिथंच बिघडतं.

मणक्याचा टीबी असेल तर जखम भरण्याची किल्ली टीबीच्या औषधात आहे. ते सहसा १२ ते १८ महिने घ्यावं लागतं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. बँक खातं जोडलंय का ते बघा आणि ते पैसे अंडी-दुधावर खर्च करा.

टाके, व्रण आणि कोयता

पाठीचे टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी काढतात. फ्लॅप, शुगर किंवा स्टिरॉइड असेल तर तीन आठवड्यांपर्यंत ठेवतात. "खाज येते" म्हणून घरी ब्लेडनं काढू नका. टाके निघाल्यावर, खपली पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर व्रणावर सिलिकॉन जेल किंवा साधं व्हॅसलिन लावून बोटानं हलका दाब देत मालिश करता येते. व्रण आधी लाल, टणक, मग हळूहळू मऊ आणि फिका होतो. त्याला वर्ष ते दीड वर्ष लागतं. व्रण कडेबाहेर वाढून गाठीसारखा उंच होत असेल तर प्लास्टिक सर्जनना दाखवा, त्यावर इंजेक्शन असतात.

पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. पाण्याचा तांब्या चालेल, कळशी नाही. नातू कडेवर नाही. मणके जोडायचं ऑपरेशन असेल तर जड कामाला तीन ते सहा महिने, एक्स-रे बघून डॉक्टर सांगतील तेव्हा.

हे सगळ्यात अवघड जातं ते ऊसतोडीवर जाणाऱ्यांना. बीडकडचा एक भाऊ सातव्या आठवड्यात फाटलेली जखम घेऊन आमच्याकडे आला होता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, जोडीनं कोयता धरायचा करार, दसरा झाला आणि टोळी निघाली. तो पाठीला पट्टा बांधून मोळ्या उचलत होता, आणि बायको रोज रात्री पालात चिमणीच्या उजेडात जखम बघत होती. तिनंच त्याला परत आणलं. तारीख ठरवून करायचं ऑपरेशन असेल आणि डॉक्टर थांबा म्हणत असतील, तर हंगाम संपून गावी परतल्या परतल्या करून घ्या. उन्हाळ्याचा घाम सोसावा लागेल, पण पुढच्या दसऱ्यापर्यंत पाच-सहा महिने हातात राहतात. आणि उचल घेण्याच्या आधी सर्जनकडून तारीख, सही, शिक्क्यासकट लिहून घ्या की किती महिने वजन उचलायचं नाही. त्या कागदाची एक झेरॉक्स मुकादमाला द्या, मूळ कागद घरी ठेवा.